मे महिन्याच्या दुपारी टिकेल असं ओव्हरक्लॉकिंग: घरच्या पीसीसाठी

डिसेंबरातल्या एका रात्री, सहकारनगरला बहिणीच्या घरी, मी भाच्याच्या पीसीची रॅम ३२०० वरून ३६०० वर नेली, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवली. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. खिडकी उघडी होती, अंगावर स्वेटर होता. अर्धा तास टेस्ट चालवली, एकही एरर नाही. दोघंही खूश. एप्रिल संपत आला तेव्हा त्याचा फोन आला, "मामा, कॉलेजच्या प्रोजेक्टची झिप उघडतच नाहीये. बाकी सगळं चालू आहे." जाऊन बघितलं तर झिप खराब झालेली, आणि त्याच आठवड्यात कार्डावरून कॉपी केलेल्या काही फोटोंचा खालचा अर्धा भाग करड्या पट्ट्यांचा. पीसी मात्र एकदाही हँग झाला नव्हता. रॅम ३२०० वर परत आणली आणि प्रकार थांबला, पण गेलेल्या फायली गेल्याच.

माझी चूक साधी होती. मी पुण्याच्या डिसेंबरात टेस्ट केली आणि पीसी पुण्याच्या मे महिन्यात वापरायला दिला. ज्यांनी आजवर बायोस (विंडोजच्या आधी उघडणारं मदरबोर्डाच्या सेटिंगचं पान) उघडलेलं नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे, आणि त्यातली प्रत्येक पायरी ही चूक डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहे.

नेमकं काय करतो आपण

प्रोसेसरचा वेग म्हणजे मूळ क्लॉक गुणिले गुणक. मूळ क्लॉक बहुतेक बोर्डांवर १०० मेगाहर्ट्झ असतो, त्यामुळे गुणक ४४ असला की ४.४ गिगाहर्ट्झ. गुणक वाढवला की वेग वाढतो, पण वरच्या वेगाला चिप स्थिर राहायला जास्त व्होल्टेज लागतं. खरी मेख इथे आहे. विजेचा वापर वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १.२० व्होल्टचे १.३५ केले, तर वेग तसाच ठेवूनही साधारण २७ टक्के वीज जास्त खर्च होते आणि ती सगळी उष्णता म्हणून बाहेर पडते. म्हणून एक नियम पक्का करा: वेगाला हात लावायला घाबरू नका, व्होल्टेजला हात लावताना दहादा विचार करा.

मूळ क्लॉकला, म्हणजे त्या १०० च्या आकड्याला, हातच लावू नका. त्याने इतर भागांचंही गणित बिघडू शकतं, आणि नवशिक्याला त्यातून मिळण्यासारखं काही नाही.

आधी बघा, तुमच्या पीसीत हे होतं का

सीपीयू-झेड हा छोटा, फुकट प्रोग्रॅम उतरवून घ्या. त्यात प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम यांची नावं दिसतात.

इंटेलचा प्रोसेसर असेल तर नावाच्या शेवटी के (किंवा केएफ, केएस) हवा आणि बोर्ड झेड मालिकेचा हवा, तरच गुणक वाढवता येतो. बी५६०, बी६६०, बी७६० अशा बोर्डांवर प्रोसेसर नाही, पण रॅम वाढवता येते. एच६१० वर तेही नाही. एएमडी इथे उदार आहे. जवळजवळ सगळे रायझन मोकळे असतात आणि बी४५०, बी५५०, बी६५० किंवा एक्स मालिकेचा बोर्ड पुरतो. ए३२०, ए५२०, ए६२० या बोर्डांवर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग होत नाही. ५८००एक्स३डी सारख्या प्रोसेसरचा गुणकही कुलूपबंद असतो.

लॅपटॉपच्या वाटेला जाऊ नका. कंपनीने घरून कामासाठी दिलेल्या मशीनच्या तर अजिबात नाही.

दोन गोष्टी अजून तपासा. एक, एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा भाग. असेंबल करताना पैसे वाचवायचे म्हणून बसवलेला, वर ५०० वॉट छापलेला पण हातात घेतल्यावर रिकाम्या डब्यासारखा हलका लागणारा एसएमपीएस असेल, तर आधी तो बदला. दुसरी, घरातलं अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, ओव्हरक्लॉकिंग नंतर.

वॉरंटीबद्दलही स्पष्ट असू द्या. इंटेल आणि एएमडी दोघंही ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर चालवल्याने झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत, आणि खाली येणारी रॅमची तयार प्रोफाइलही तांत्रिकदृष्ट्या त्या मर्यादेबाहेरच मोजली जाते.

बॅकअप, धूळ आणि पेस्ट

बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. टेस्ट चालू असताना ती जोडलेली नको.

मग कॅबिनेट उघडा. पुण्यात सध्या ज्या गल्लीत बघावं तिथे जुना वाडा किंवा सोसायटी पाडून नवीन इमारत उभी राहतेय, त्यामुळे वर्षभरात कूलरच्या पट्ट्यांमध्ये सिमेंटची धूळ गालिच्यासारखी बसते. चित्रकलेचा मऊ ब्रश आणि ब्लोअर पुरतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरू देऊ नका, बेअरिंग खराब होतं.

तीन-चार वर्षांत थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्या मधला लेप) बदलली नसेल तर तीही बदला. यात एक जागा अशी आहे की तिथे हमखास घात होतो, म्हणून सावकाश सांगतो. रायझन ५००० पर्यंतच्या, एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात. पेस्ट वाळून घट्ट झालेली असते. तुम्ही कूलरचे स्क्रू काढून तो सरळ वर ओढलात, तर सॉकेटचा खटका बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी पीसीवर दहा मिनिटं गेम किंवा सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण ताणून स्कोअर देणारा प्रोग्रॅम) चालवा, पेस्ट गरम होऊन सैल पडते. पीसी बंद करा, वायर भिंतीतून काढा, स्क्रू सोडवा, आणि कूलर वर न ओढता डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळा, बरणीचं झाकण फिरवतो तसा. तो स्वतःहून सुटल्यासारखा वाटला की मगच उचला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मध्यभागी वाटाण्याएवढा नवा थेंब ठेवा. पसरवायची गरज नाही, कूलर दाबला की आपोआप पसरतो.

प्रोसेसरबरोबर आलेल्या छोट्या कूलरवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करू नका, असं माझं मत आहे. १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर कूलर घ्या. आणि कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या बंद लाकडी कप्प्यात असेल तर त्याला बाहेर काढा. त्या कप्प्यात तो स्वतःचीच गरम हवा परत परत ओढत बसतो.

एक वही करा

मोबाइलमध्ये नको, कागदाची वही. पीसी उठलाच नाही तरी ती हाताशी असते. पहिल्या पानावर काहीही न बदलता आजची स्थिती लिहा: तारीख, वेळ, खोलीचं तापमान, सिनेबेंचचा स्कोअर, दहा मिनिटांनंतर प्रोसेसरचं कमाल तापमान. तापमानासाठी एचडब्ल्यूइन्फो वापरा. खोलीच्या तापमानासाठी भिंतीवर टांगायचा साधा थर्मामीटर पुरतो, आणि तो नसेल तर घ्याच. पुढचं सगळं गणित त्याच्यावर आहे.

पहिली पायरी: रॅमची प्रोफाइल

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, आणि तिथे स्पीड बघा. रॅमच्या खोक्यावर ३२०० लिहिलेलं असताना इथे २१३३, २४०० किंवा २६६६ दिसतंय का? दिसलं तर दचकू नका. मी आजवर मित्रमंडळींचे जेवढे पीसी उघडून बघितले त्यातल्या निम्म्याहून अधिकांची हीच गत होती. रॅम बसवली की बोर्ड तिला सुरक्षित, संथ वेगाने चालवतो. खोक्यावरचा वेग मिळवायला बायोसमध्ये तिची प्रोफाइल स्वतः चालू करावी लागते, आणि असेंबल करणाऱ्याने ती चालू केली असेलच असं नाही. (सीपीयू-झेडमध्ये ३२०० च्या रॅमला १६०० दिसतात. ते बरोबर आहे, डीडीआर रॅम एका ठोक्याला दोनदा डेटा देते.)

पीसी सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा, बायोस उघडेल. इंटेलच्या बोर्डावर एक्सएमपी हे नाव शोधा, एएमडीच्या डीडीआर४ बोर्डावर एक्सएमपी, डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी, आणि डीडीआर५ असेल तर एक्स्पो. प्रोफाइल १ निवडा, एफ१० दाबून सेव्ह करा. डीडीआर४ चं व्होल्टेज यात १.२ वरून साधारण १.३५ होतं. ते ठीक आहे, रॅम बनवणाऱ्याने त्यासाठीच ती तपासलेली असते.

आता धीर धरा. बोर्ड नव्या वेगाला रॅम जुळवून घेतो, तेवढा वेळ स्क्रीन काळी राहते, पीसी एक-दोनदा बंद होऊन परत चालू होतो. डीडीआर५ च्या बोर्डांवर पहिल्या वेळी काही मिनिटं जाऊ शकतात. घाबरून मधेच बटण दाबू नका.

रॅमची एकच काडी असेल तर हे सगळं करण्याआधी तशीच दुसरी घ्या. ३२०० ची एक काडी सेकंदाला २५.६ गिगाबाइट्स देऊ शकते, दोन मिळून ५१.२. कुठलंही ओव्हरक्लॉकिंग एवढं देत नाही. चार खाचा असतील तर दोन काड्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या, ५६००जी सारख्या प्रोसेसरच्या पीसीत तर फरक डोळ्यांना दिसतो, कारण तिथे ग्राफिक्सही याच रॅमवर जगतं.

रॅमची टेस्ट

मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घाला, पीसी त्यावरून सुरू करा, रात्रभर चालू द्या. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात. उत्तर एकच हवं: शून्य एरर. "एकच तर आली" हे चालत नाही. ती एक एरर तुमच्या कुठल्या फायलीत जाऊन बसेल ते कळणार नाही.

पण रात्रीची टेस्ट अर्धीच. रॅम गरम झाली की चुका वाढतात, आणि ग्राफिक्स कार्डाची गरम हवा थेट रॅमवर येते. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी, विंडोजमध्ये, ओसीसीटी नावाच्या प्रोग्रॅमची मेमरी टेस्ट तासभर चालवा आणि त्याआधी अर्धा तास एखादा जड गेम खेळून कॅबिनेट तापवून घ्या. भाच्याच्या पीसीवर मी हेच केलं नव्हतं.

दुसरी पायरी: प्रोसेसर

आधी अपेक्षा ठरवू. आजकालचे प्रोसेसर कारखान्यातूनच जवळपास टोकाला नेलेले असतात. हाताने वाढवून चार-पाच टक्के मिळाले तर पुष्कळ. ब्राउझर आणि एक्सेल यांना काहीच कळणार नाही. व्हिडिओ रेंडर, कंपायलिंग आणि काही गेम यांना कळेल.

रायझन ५००० किंवा त्यापुढचा असेल तर गुणकाच्या मागे लागू नका. कर्व्ह ऑप्टिमायझर वापरा. यात आपण प्रोसेसरला सांगतो की ज्या वेगाला तू एवढं व्होल्टेज मागतोस त्याला थोडं कमी घे. व्होल्टेज कमी, उष्णता कमी, आणि वाचलेल्या उष्णतेत तो स्वतःच जास्त वर पळतो. वेग वाढवायचा आणि तापमान उतरवायचं, हे दोन्ही एकदम करणारी दुसरी सोय मला माहीत नाही, म्हणून नवशिक्याला मी हीच सांगतो.

बायोसमध्ये प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह शोधा, त्याला ॲडव्हान्स्ड करा, आत कर्व्ह ऑप्टिमायझर, ऑल कोअर्स, निगेटिव्ह, आणि आकडा १०. एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. दहावर टेस्ट पास झाली तर १५, मग २०. रायझन ५००० वर मर्यादा ३० असली तरी ती सगळ्यांना झेपत नाही. भाच्याच्या रायझन ५ ५६०० ला १५ झेपतात, २० ला तो दोन दिवसांनी स्वतःहून रिस्टार्ट झाला.

आणि तो रिस्टार्ट कधी झाला? गेम खेळताना नाही, नुसतं यूट्यूब चालू असताना. इथे लोक फसतात. सगळे कोअर (प्रोसेसरच्या आतले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) पूर्ण ताणले असतात तेव्हा वेग थोडा खाली असतो. हलक्या कामात एखादाच कोअर सर्वांत वरच्या वेगाला उडी मारतो आणि तिथेच कमी केलेलं व्होल्टेज अपुरं पडतं. म्हणून सिनेबेंच पास झाला एवढ्यावर समाधान मानू नका. कोअरसायकलर नावाची फुकट स्क्रिप्ट एकेका कोअरला वेगळं तपासते, ती रात्रभर लावा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी दिसल्या, तर पीसी वरून कितीही ठणठणीत दिसला तरी आकडा पाचने मागे घ्या.

एचडब्ल्यूइन्फोमध्ये हलक्या कामात रायझनचं व्होल्टेज १.४५ च्या आसपास दिसलं तर काळजी नको, क्षणभराचं असतं ते. पण तोच आकडा बघून सगळ्या कोअरना १.४५ कायमचं बांधून टाकणं हा प्रोसेसर मारायचा खात्रीचा मार्ग आहे.

इंटेलचा के प्रोसेसर असेल तर गुणक एकाने वाढवा, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ, टेस्ट करा, वहीत लिहा, मग पुढचा एक. व्होल्टेज पूर्ण ऑटोवर सोडू नका, गुणक वाढवला की काही बोर्ड गरजेपेक्षा बरंच जास्त देतात. ॲडॅप्टिव्ह (गरजेप्रमाणे कमी-जास्त होणारं) ठेवा आणि लोडवर १.३५ च्या वर जाऊ देऊ नका. १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा असेल तर सगळ्यात आधी बायोस अपडेट करा. या पिढ्यांच्या वरच्या प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे झीज होऊन अस्थिरता येत होती, इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून बायोस अपडेटमधून दुरुस्त मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. रायझन ७००० लाही हीच गोष्ट लागू: २०२३ मध्ये काही एक्स३डी प्रोसेसर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरच्या आतल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणारं) जास्त गेल्याने जळाले, त्यानंतर नव्या बायोसमध्ये ते १.३ व्होल्टला अडवलं गेलं. जुना बायोस ठेवून एक्स्पो चालू करू नका.

बायोस अपडेट यूपीएसवर करा, आणि गुरुवारी करू नका. आपल्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जायचा वार तोच. वळवाचे ढग भरून आले असतील तेव्हाही नको. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड उठवणं कठीण.

तिसरी पायरी, हवी असेल तर

प्रोफाइलच्या पुढे रॅम न्यायची असेल तर आधी थोडा हिशोब करा. रॅमचा खरा उशीर नॅनोसेकंदात मोजायचा: सीएल (रॅमच्या खोक्यावर वेगाशेजारी लिहिलेला आकडा) गुणिले २००० भागिले वेग. ३२०० ला सीएल १६ म्हणजे १० नॅनोसेकंद. ३६०० ला सीएल १८, तेही १० च. २४०० ला सीएल १७ म्हणजे १४ च्या वर. म्हणजे २४०० वरून ३२०० वर जाण्यात जी कमाई आहे ती ३२०० वरून ३६०० वर जाण्यात नाही. तरी करायचंच असेल तर ३३३३, ३४६६, ३६०० असं टप्प्याटप्प्याने, रायझनवर एफसीएलके (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा क्लॉक) रॅमच्या आकड्याच्या निम्मा ठेवून, आणि व्होल्टेज १.४ च्या आत. प्रत्येक टप्प्याला वरची रात्रीची आणि दुपारची दोन्ही टेस्ट. मी स्वतः आता हे कुणाच्या कामाच्या पीसीवर करत नाही.

पीसी उठलाच नाही तर

पंखे फिरताहेत पण स्क्रीन काळी: पाच-दहा मिनिटं थांबा, बरेच बोर्ड दोन-तीनदा प्रयत्न करून स्वतःच जुन्या सेटिंगवर येतात. नाहीच आला तर वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, बोर्डावरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल काढा, पाच मिनिटांनी परत बसवा. सगळी सेटिंग कारखान्यासारखी होतात. तुमची आधीची सेटिंग वहीत आहेतच.

मे महिन्याचं गणित

प्रोसेसरचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक त्याची स्वतःची गरमी. ही दुसरी बेरीज ऋतूप्रमाणे फारशी बदलत नाही. जानेवारीत खोली २२ असताना टेस्टमध्ये ७६ आले, तर फरक ५४. मे महिन्यात वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली खोली ३६ झाली की तोच प्रोसेसर ९० ला जाणार. रायझन ५ ५६०० ची मर्यादाच ९० आहे. तिथे तो जळत नाही, स्वतःहून वेग उतरवतो, म्हणजे एवढा खटाटोप करून उन्हाळ्यात पीसी होता त्याहून हळू. म्हणून हिवाळ्यात हे करत असाल तर तुमच्या आकड्यात १५ मिळवा, आणि बेरीज ८५ च्या वर जात असेल तर एक पायरी खाली या.

उन्हाळ्यात करत असाल तर दुपारी तीन ही उत्तम वेळ. खिडक्या बंद, खोलीचा पंखा बंद, एसी असेल तर तोही बंद, आणि दहा नव्हे, तीस मिनिटं सिनेबेंच. भाच्याच्या वहीतली शेवटची नोंद त्याच्याच अक्षरात आहे: "१४ मे, दुपारी ३.१०. खोली ३५. रॅम ३२०० प्रोफाइल, कर्व्ह उणे १५. सिनेबेंच ३० मिनिटं, कमाल ८२. मेमटेस्ट ४ फेऱ्या, एरर ०. झिपा उघडून बघितल्या, सगळ्या उघडल्या."